वर्षाला किती मॅच?

इंडियन विमेन्स लीगचा एक हंगाम, चीनमधलं वुहान शहर आणि आपल्या नगरच्या मैदानावरच्या मुली. या तिघांना जोडणारा प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यात देता येतं.

आधी तुमच्यासाठी एक प्रश्न. तुमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम आहे का? असेल, तर तिने गेल्या वर्षभरात किती अधिकृत मॅच खेळल्या? प्रॅक्टिस धरायची नाही. मुलांच्या टीमबरोबर संध्याकाळी खेळलेली 'फाइव्ह अ साइड'ही नाही. समोर दुसऱ्या कॉलेजची टीम, शिट्टी वाजवायला रेफ्री आणि निकाल कुठेतरी कागदावर लिहिलेला, अशा मॅच किती?

माझं उत्तर सांगते. डिग्रीची तीन वर्षं मी कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक होते. पहिल्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये हरलो. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी दोन जिंकलो आणि तिसरी हरलो. एकूण पाच. तीन वर्षांत पाच मॅच! स्टड्स घेतले तेव्हा घरी सांगितलं होतं की वर्षभर वापरीन. शेवटी ते धाकट्या भावाने झिजवले.

रडगाणं गाण्यासाठी हे सांगत नाहीये. भारतातल्या मुलींच्या फुटबॉलबद्दल सध्या बऱ्याच चांगल्या बातम्या येताहेत. भारतीय संघ मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक खेळणार आहे. एक भारतीय क्लब चीनमध्ये जाऊन आशियाई स्पर्धेत मॅच जिंकून आला. आपल्याला मात्र या बातम्यांत फक्त निकाल दिसतो. तो निकाल कशातून तयार झाला हे पाहायला गेलं की आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी येतो: वर्षाला किती मॅच?

आपल्याच अंगणातली फायनल

६ फेब्रुवारी २०२२. तारीख तुमच्या लक्षात असेल, पण वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशी लतादीदी गेल्या. घराघरात टीव्हीवर शिवाजी पार्क दिसत होतं. मी तेव्हा बारावीला होते. आई-आजी टीव्हीसमोर बसलेल्या आणि मी कोपऱ्यात मोबाईलचा आवाज बंद करून एक मॅच बघत होते. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला आशियाई चषकाची फायनल चालू होती. चीन विरुद्ध दक्षिण कोरिया.

हाफ टाइमला कोरिया २-० ने पुढे होता. चीनने दुसऱ्या हाफमध्ये चार-पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून बरोबरी साधली आणि इंज्युरी टाइममध्ये शाओ युयीने तिसरा मारला. ३-२. चीन नवव्यांदा आशियाचा विजेता. त्याआधी सेमीफायनलमध्येही त्यांनी जपानविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधून पेनल्टीवर मॅच काढली होती.

ही स्पर्धा महाराष्ट्रात झाली. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याचं बालेवाडी. नगरच्या स्टँडवरून शिवाजीनगरची एसटी पकडली की बालेवाडी तीन-साडेतीन तासांवर. तरीही आपल्यापैकी किती जणांना ही स्पर्धा आठवते? यजमान भारताचं काय झालं, ते तर आणखी वाईट. इराणविरुद्ध ०-० झाल्यावर संघात कोरोना पसरला, २३ जानेवारीला मैदानात उतरायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतून बाहेर गेला.

तेव्हा मला वाटलं होतं, चीनच्या मुली म्हणजे काहीतरी वेगळ्याच मातीच्या. दोन गोलांनी मागे असूनही घाबरत नाहीत. आता वाटतं, मातीचा संबंध नाही, सवयीचा आहे. दोन गोलांनी मागे पडल्यावर काय करायचं, हे दोन गोलांनी मागे पडल्याशिवाय कळत नाही. आणि त्यासाठी खूप मॅच खेळाव्या लागतात. चीनच्या त्या संघातल्या बहुतेक मुली त्यांच्याच देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्या होत्या.

एकेकाळी आपण पुढे होतो

हे वाचून धक्का बसेल, पण खरं आहे. महिलांच्या आशियाई स्पर्धेत १९७९-८० मध्ये भारत उपविजेता होता. ती स्पर्धा केरळात कोळिकोडला झाली. १९८१ मध्ये आपण तिसरे आलो. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेते. आणि चीन? चीन तेव्हा या स्पर्धेत उतरलाही नव्हता. ते पहिल्यांदा १९८६ मध्ये आले, आले ते थेट जिंकले, आणि मग १९९९ पर्यंत सलग सात वेळा जिंकत राहिले. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्येच झाला. १९९९ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये चीन अमेरिकेकडून हरला, तोही पेनल्टीवर.

म्हणजे दोन देश साधारण एकाच रांगेत उभे होते. एक पुढे गेला. दुसरा तिथेच राहिला, खरं तर मागे सरकला.

फरक कुठे पडला? चीनमध्ये सरकारने मुलींचं फुटबॉल उचललं. तिथे प्रांतांची क्रीडा खाती असतात. लहान वयात निवडलेल्या मुली त्या खात्याच्या पगारावर आणि वसतिगृहात राहून खेळतात. प्रांताप्रांतांत चुरस असते आणि त्यातून संघ तयार होतात. १९९७ पासून मुलींची राष्ट्रीय पातळीवरची लीग आहे. नाव आणि स्वरूप मधे बदलत गेलं, आजची 'विमेन्स सुपर लीग' २०१५ पासूनची. त्या लीगखाली आणखी दोन पायऱ्या आहेत. वर जाता येतं, खालीही घसरता येतं.

आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद होतं, आंतरराज्य मॅच होत्या, पण लीग नव्हती. अजिंक्यपद म्हणजे राज्याचा संघ निवडायचा, काही दिवस शिबिर, मग स्पर्धा, हरलात की गाडी पकडून घरी. पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. मुलींची पहिली राष्ट्रीय लीग आपल्याकडे सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. चीननंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

गच्चीवर सराव करणारी मुलगी

वुहान हे नाव आपण सगळ्यांनी २०२० मध्ये ऐकलं आणि ते चांगल्या कारणासाठी नव्हतं. २३ जानेवारी ते ८ एप्रिल, ७६ दिवस ते शहर कुलूपबंद होतं. वांग शुआंग ही चीनची त्या काळातली सगळ्यात नावाजलेली खेळाडू याच शहरातली. पॅरिसच्या क्लबकडून एक हंगाम खेळून ती परत आली होती. लॉकडाउनमध्ये ती वुहानमध्येच अडकली आणि ऑलिंपिक पात्रता फेरीसाठी संघाबरोबर जाऊ शकली नाही. तेव्हा ती इमारतीच्या गच्चीवर एकटी सराव करायची. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, कोरियाविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये एक्स्ट्रा टाइमला तिनेच गोल मारला आणि चीन ऑलिंपिकला पोचला.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्याच २०२० मध्ये, सगळं बंद पडलेलं असताना, चीनने मुलींची लीग रद्द केली नाही. कुनमिंग शहरात सगळे संघ एकत्र आणून ती खेळवली. आणि ती जिंकली कोणी? वुहानने. तिथून पुढे २०२४ पर्यंत सलग पाच वेळा. मे २०२५ मध्ये हाच क्लब, आताचं नाव वुहान जिआंगदा, आशियाई महिला चॅम्पियन्स लीगचा विजेता झाला.

आपल्याकडे २०२०-२१ चा हंगाम झालाच नाही. एक पूर्ण वर्ष कोरं. एखाद्या १९ वर्षांच्या मुलीसाठी एक वर्ष म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या सगळ्यांचं त्या काळातलं एक वर्ष स्क्रीनसमोर गेलं आहे.

आता आपला हंगाम बघू

इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम म्हणजे दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर सहा संघांची, तीन आठवड्यांच्या आत आटोपलेली स्पर्धा. नाव लीग, स्वरूप टुर्नामेंटचं. पुढची काही वर्षं असंच चाललं. २०२२-२३ मध्ये १६ संघ अहमदाबादेत जमले आणि चार आठवड्यांच्या आत सगळं उरकलं. भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये. थकलेले पाय, दुखापती, एक-दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुढची मॅच. आणि मग परत अकरा महिन्यांची शांतता.

खरा बदल आला डिसेंबर २०२३ मध्ये. पहिल्यांदाच लीग 'होम अँड अवे' झाली. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. संघ फक्त सात. ओडिशा एफसी जिंकली. फेडरेशनने आणखी एक नियम केला: क्लबने किमान दहा भारतीय मुलींशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करायचा. महिन्याचा हिशेब केला तर साधारण साडेसव्वीस हजार. खूप नाहीत, पण 'फुटबॉल खेळून पोट भरतं का' या घरच्या प्रश्नाला निदान एक आकडा मिळाला.

२०२४-२५ चा हंगाम हा होम अँड अवेचा दुसरा. संघ आठ झाले. प्रत्येकाच्या १४ मॅच, लीगच्या एकूण ५६. जानेवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये संपला. या हंगामात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींतून काहीतरी शिकण्यासारखं आहे.

पहिली, कोलकात्याचा ईस्ट बंगाल विजेता झाला. १४ मॅचमध्ये ३७ गुण: १२ विजय, एक बरोबरी, एक पराभव. आदल्या वर्षी हाच संघ सात जणांत खालून दुसरा होता. एका वर्षात एवढी उडी कशी? क्लबने पैसा आणि लक्ष दोन्ही घातलं. गोकुलम केरळला आधी विजेतेपद मिळवून दिलेले प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज आणले, चांगल्या खेळाडू घेतल्या. विजेतेपद पक्कं झालं ते बंगालमधल्या कल्याणीत, ओडिशा एफसीला १-० ने हरवून. गोल सौम्या गुगुलोथचा. शंभर वर्षांहून जुन्या या क्लबच्या पुरुष संघाने देशातली लीग शेवटची जिंकली होती २००३-०४ मध्ये. एकवीस वर्षांचा दुष्काळ मुलींनी संपवला. आपल्याकडे 'मुलींच्या टीमवर खर्च कशाला' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरी, ओडिशा एफसी. आदल्या वर्षीचा विजेता संघ थेट दुसऱ्या श्रेणीत घसरला. क्रूर वाटतं ना? पण हीच लीगची खूण. घसरण्याची भीती असली की शेवटच्या आठवड्यातही मॅचला अर्थ राहतो. आणि कोणी घसरलं की कोणीतरी वर येतं. यावेळी दुसऱ्या श्रेणीतून वर आले दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा फुटबॉल अकादमी. आपल्या शेजारच्या गोव्याचा संघ पहिल्या श्रेणीत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरी, गोल कोणी मारले. सर्वाधिक गोल गोकुलमच्या फाझिला इक्वापुटचे, २४. ती युगांडाची. आदल्या वर्षीही तीच पहिली. त्याआधी नेपाळची सबित्रा भंडारी, त्याआधी घानाची एल्शादाई अचियाम्पाँग. म्हणजे सलग चार हंगाम गोलांच्या यादीत वरचं नाव परदेशी. भारतीयांमध्ये पहिली आली सौम्या गुगुलोथ, नऊ गोल.

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, परदेशी स्ट्रायकर आल्या की आपल्या मुलींची जागा जाते. दुसरं म्हणतं, आपल्या बचावपटूंना आठवड्याला एक फाझिला अडवावी लागते, यापेक्षा चांगला सराव कुठला? मला दुसरं जास्त पटतं, कारण मी लेफ्ट बॅक होते. पण पहिल्यातही तथ्य आहे. संघ आठच असतील तर भारतीय स्ट्रायकरसाठी जागा किती उरतात, ते बोटांवर मोजता येईल. उपाय परदेशींना बंद करण्यात नाही, संघ वाढवण्यात आहे.

हंगामाने हातात काय दिलं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ओडिशा एफसी आशियाई महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळायला गेली. जपानच्या उरावा संघाने १७-० ने हरवलं. हो, सतरा. त्याआधी २०२२ मध्ये तर गोकुलमच्या मुली ताश्कंदला पोचल्या होत्या आणि त्याच सुमारास फिफाने भारतीय फेडरेशनवर बंदी घातली. प्रशासकांच्या भांडणाची शिक्षा मुलींना. एकही मॅच न खेळता परत.

आता नोव्हेंबर २०२५. ईस्ट बंगाल त्याच स्पर्धेच्या गट फेरीसाठी गेला, कुठे तर वुहानला. पहिल्या मॅचमध्ये इराणच्या बाम खातूनला ३-१ ने हरवलं. मग यजमान आणि गतविजेता वुहान जिआंगदा समोर. ०-२ ने हरले. तिसरी मॅच उझबेकिस्तानच्या नसाफशी, ०-३. पुढची फेरी हुकली.

हरलेच ना, असं म्हणाल. पण आकडे शेजारी ठेवून बघा. एका वर्षापूर्वी जपानी संघाकडून सतरा गोल. आता आशियाच्या गतविजेत्यांकडून, त्यांच्याच मैदानावर, दोन. दोन वेगळे संघ, दोन वेगळे प्रतिस्पर्धी, त्यामुळे थेट तुलना करणं पूर्ण बरोबर नाही हे मान्य. पण दिशा दिसते.

राष्ट्रीय संघाचंही तसंच. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडच्या चियांग माईमध्ये भारताने यजमान थायलंडला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ती त्याच कल्याणीची. भारत पात्रता फेरी खेळून, जिंकून आशियाई चषकात गेला, हे पहिल्यांदा घडलं. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या गटात व्हिएतनाम, जपान आणि चायनीज तैपेई आहेत. इथे चांगलं खेळलं तर २०२७ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाचं दार किलकिलं होऊ शकतं.

पण पुन्हा आपला प्रश्न. भारतीय लीगमध्ये संघाला १४ मॅच मिळतात. चीनच्या सुपर लीगमध्ये संघ बारा, मॅच २२. इंग्लंडच्या सुपर लीगमध्येही २२. म्हणजे दरवर्षी आठ मॅच कमी. १८ व्या वर्षी लीगमध्ये आलेली मुलगी २३ वर्षांची होईपर्यंत तिकडच्या मुलीपेक्षा चाळीस मॅच मागे पडते. आशियाई चषकात जपान समोर आला की मैदानावर दिसतो तो हा फरक. आणि काळजीची गोष्ट अशी की डिसेंबरात सुरू झालेला यंदाचा हंगाम पुन्हा कोलकाता परिसरात सगळे संघ एकत्र आणून खेळवला जातोय. भारतीय फुटबॉलची तिजोरी सध्या अडचणीत आहे, पुरुषांची आयएसएलसुद्धा त्यामुळे रखडली. लीग रद्द झाली नाही हे चांगलं. पण होम अँड अवे ही पायरी चढून आपण पुन्हा एक पायरी उतरलो, हेही खरं.

चीनचंही सगळं गोड नाही

आपल्याकडे एखाद्या देशाचं कौतुक सुरू केलं की थांबत नाही, म्हणून हे सांगायला हवं. २०२२ मध्ये नवी मुंबईत जिंकलेला चीन २०२३ च्या विश्वचषकात गटातच बाहेर पडला, इंग्लंडकडून ६-१ ने हरून. युरोपच्या क्लबांनी मुलींच्या फुटबॉलमध्ये पैसा ओतला आणि सरकारी वसतिगृहांची पद्धत मागे पडायला लागली. वांग शुआंगसारख्या खेळाडूंनी पुन्हा अमेरिका-इंग्लंडचा रस्ता धरला.

तेव्हा चीनची नक्कल करा, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे लहान मुलींना घरापासून दूर सरकारी छावणीत वाढवणं शक्य नाही, आणि करूही नये. घेण्यासारखी गोष्ट छोटी आहे: काहीही झालं तरी लीग थांबवायची नाही, आणि लीगखाली पायऱ्या ठेवायच्या.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे आहे?

कुठेच नाही, हे उत्तर आहे. होम अँड अवे सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही संघ खेळलेला नाही.

आधी होता. २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये एफसी कोल्हापूर सिटी खेळली. मग २०२१-२२ मध्ये मुंबईची पिफा, २०२२-२३ मध्ये मुंबई नाइट्स. कोल्हापूरचं फुटबॉलवेड तुम्हाला माहीत आहे. पेठापेठांचे आणि तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर भरलेल्या गॅलऱ्या. ते वेड पिढ्यानपिढ्या टिकलं कारण तिथे दरवर्षी स्थानिक लीग होते. मुलींच्या संघामागे मात्र तशी रचना उभी राहिली नाही. लीग महिनाभराची होती तोपर्यंत संघ जमवून पाठवता येत होता. होम अँड अवे झाल्यावर वर्षभर पगार, प्रवास, मैदानाचं भाडं, डॉक्टर, फिजिओ हे सगळं लागतं. तिथे आपण गळालो.

मुंबईत आयएसएलचा बलाढ्य क्लब आहे, पण विमेन्स लीगमध्ये त्याचा संघ नाही. मोठ्या क्लबांची गोष्ट वेगळी आहे. केरळा ब्लास्टर्सने जून २०२३ मध्ये आपला महिला संघ तात्पुरता बंद केला. कारण दिलं फेडरेशनने लावलेल्या दंडाचं, आणि तो दंड पुरुष संघाच्या वर्तनासाठी होता. पैसे कमी पडले की पहिली कात्री कुठे लागते, हे त्यातून कळतं.

मग गोव्याला कसं जमलं? सेसा अकादमी एका दिवसात वर आलेली नाही. आधी अकादमी, मग राज्याची लीग, मग दुसरी श्रेणी, मग पहिली. पायरीपायरीने. आपल्यापेक्षा लोकसंख्येने कितीतरी पट लहान राज्य. सौम्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची. तेव्हा 'आमच्या भागात मुली फुटबॉल खेळत नाहीत' हे कारण चालणार नाही.

नगरमध्ये काय करता येईल? थोडं गणित

आता माझ्या पाच मॅचकडे परत येते. त्या पाचच का झाल्या? आमच्यात जोर नव्हता म्हणून? थोडंसं तेही असेल. पण मुख्य कारण स्पर्धेच्या आखणीत आहे. आपल्या शालेय आणि कॉलेज स्पर्धा बहुतेक नॉकआउट असतात. १६ संघांची नॉकआउट स्पर्धा घ्या. एकूण मॅच होतात १५. त्यातले आठ संघ एकच मॅच खेळून घरी जातात. निम्म्या मुलींचं वर्ष एका दुपारी संपतं. आणि संपतं ते कोणाचं? ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचंच.

तेच १६ संघ चार-चारच्या चार गटांत वाटा. गटात प्रत्येकाशी एक मॅच, मग गटविजेत्यांची सेमीफायनल आणि फायनल. एकूण मॅच २७. म्हणजे फक्त बारा जास्त. पण आता प्रत्येक संघाला किमान तीन मॅच मिळतात.

किंवा आणखी छोटं करू. नगर शहर आणि जवळपासच्या कॉलेजांच्या मिळून सहा टीम. प्रत्येकीची प्रत्येकीशी एक मॅच, एकूण १५. एका मैदानावर रविवारी तीन मॅच लावल्या तर पाच रविवारांत लीग पूर्ण. प्रत्येक टीमला पाच मॅच. माझ्या तीन वर्षांचा कोटा सव्वा महिन्यात! मैदान एक, गोलपोस्टचा एक जोड, दोन-तीन रेफ्री, प्रथमोपचाराची पेटी आणि निकाल लिहिणारा एक जण. हे आपल्या आवाक्याबाहेर आहे का? आपण गणपतीत दहा दिवसांचे कार्यक्रम बसवतो, वर्गणी काढतो, मांडव घालतो. संयोजन आपल्याला नवीन नाही.

अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. संगमनेर, अकोले, कोपरगाव, जामखेड, जिल्हा चौदा तालुक्यांचा आणि पसरलेला. शेवटची एसटी चुकली तर मुलीला घरी काय सांगायचं, हा प्रश्न मुलांच्या टीमला पडत नाही. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली आणि स्वच्छ बाथरूम नसेल, तर अर्ध्या मुली दुसऱ्यांदा येत नाहीत. मी स्वतः एकदा मैदानाशेजारच्या ओळखीच्यांच्या घरी जाऊन किट घातलंय. म्हणून लीग शहराशहरांत, तालुक्यातालुक्यांत छोटी हवी. संगमनेरची संगमनेरात, श्रीरामपूरची श्रीरामपुरात. विजेत्यांनी मग शेवटी एकदा वाडिया पार्कला यावं.

'यातून मिळणार काय' असं घरचे विचारतील. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक पातळीच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं. त्या पातळीला पोचायला आधी खालची पातळी लागते. रेफ्री, कोच, फिजिओ हीसुद्धा कामंच आहेत, आणि मुलींची मॅच चालवणाऱ्या मुली फार कमी आहेत. पण खरं सांगू? मला त्या पाच मॅचनी नोकरी दिली नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही ०-१ ने मागे होतो आणि २-१ ने जिंकलो. मागे पडल्यावर घाबरायचं नसतं, हे मी त्या दिवशी शिकले. असे दिवस आणखी मिळायला हवे होते, एवढंच वाटतं.

आता तुमची पाळी

मार्चमध्ये भारताच्या तीन मॅच आहेत: ४ तारखेला व्हिएतनाम, ७ ला जपान, १० ला चायनीज तैपेई. बघा. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर 'आपल्या मुलींना जमत नाही' असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा, त्यांना वर्षाला किती मॅच मिळतात माहितीये का?

आणि मग तोच प्रश्न घेऊन आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात जा. सरांना विचारा, मॅडमना विचारा: यंदा मुलींच्या टीमने किती मॅच खेळल्या? उत्तर एक किंवा दोन आलं, तर शेजारच्या कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला फोन करा. दोन टीम झाल्या की एक मॅच होते. तीन झाल्या की तीन होतात. चार झाल्या की सहा. लीग अशीच सुरू होते.